अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि रजेचा हिशेब

आमच्या एका ट्रॅकमन बंधूच्या घरी तिसाव्या आठवड्यातच बाळ जन्मले. वजन १३०० ग्रॅम. एकेचाळीस दिवस ते काचेच्या पेटीत होते. पित्याची १५ दिवसांची पितृत्व रजा संपली तेव्हा बाळ पेटीतच होते. पुढचा रजेचा अर्ज ‘माणसे कमी आहेत’ असा शेरा घेऊन परत आला. दिवसा इस्पितळाचा जिना आणि रात्री पावसाळी गस्त, असे त्याने दिवस काढले.

आई टपाल खात्यात सॉर्टिंग असिस्टंट. तिची १८० दिवसांची रजा प्रसूतीच्या दिवसापासून लागली. अशा बाळाची वाढ डॉक्टर जन्मतारखेवरून मोजत नाहीत. दिवस पूर्ण भरले असते त्या तारखेपासून मोजतात. रजा संपली तेव्हा कागदावर सहा महिन्यांचे असलेले ते मूल वाढीने साडेतीन महिन्यांचेच होते. रजेच्या नियमांना हा फरक ठाऊक नाही.

हे एकाच घराचे दुःख नव्हे. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेली सुमारे ३० लाख बाळे २०२० साली भारतात होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा जगात सर्वाधिक आहे. अशा बाळाला दिवसातून ८ ते २४ तास उघड्या छातीशी धरावे, अशी शिफारस याच संघटनेने २०२२ मध्ये केली. हे काम बापही करू शकतो. महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. पुढे कान, चालणे, बोलणे यांवर लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत सरकारी सोय आहे. पण बाळाला तिथे न्यायला घरात माणूस मोकळा हवा ना?

बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे, पण ती स्त्रियांना आणि एकट्या पित्यांनाच मिळते. तीही हक्काची नाही, साहेबांच्या मर्जीची. ब्रिटनमध्ये बाळ इस्पितळात राहिल्यास आईबापांना १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा देणारा कायदा एप्रिल २०२५ पासून लागू झाला आहे. मग आमच्याच बाळांनी काय गुन्हा केला?

आमच्या मागण्या साध्या आहेत. बाळ इस्पितळात असेल तितके दिवस मातेच्या रजेत वाढवून द्यावेत. तितकीच जादा रजा पित्यालाही मिळावी. अशा मातेचा बालसंगोपन रजेचा अर्ज माणसे कमी असल्याच्या सबबीवर फेटाळू नये. कंत्राटी भगिनी आणि ग्रामीण डाकसेवक यांनाही यातून वगळू नये.

प्रसूती रजा १३५ वरून १८० दिवस झाली ती २००८ साली, सहाव्या वेतन आयोगानंतर. आता आठव्या आयोगापुढे हा प्रश्न गेलाच पाहिजे. तोवर शाखा सचिवांनी स्वस्थ बसू नये. अशा घराची बातमी कळताच रजेचा अर्ज स्वतः हातात घेऊन साहेबांसमोर उभे राहावे. आणि सहकाऱ्यांनो, त्याची एखादी पाळी तुम्ही सांभाळा. त्या रात्री एक बाप आपल्या लेकराला छातीशी धरून बसलेला असेल. युनियन याहून वेगळी काय असते?