कंबरेची कळ पायात उतरली तर

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्या आमच्या बांधवांची कंबर धरली की आधी शेक, मग हाडवैद्य. आम्ही कारकून, खुर्चीत बसूनही हेच भोगले! मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली की कळ पायात उतरते. बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनविना आराम पडतो. न पडल्यास लहानशा छेदातून, दुर्बिणीने पाहून नस दाबणारा तेवढा तुकडा काढतात. पायाची कळ त्याने बहुधा जाते. नुसत्या कंबरदुखीला भरवसा नाही, हे आधी विचारून घ्यावे. मात्र पाऊल लुळे पडले, लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली तर चोळत बसू नका. त्याच दिवशी धुळ्याचे किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय गाठा. रेशनकार्ड सोबत न्या; महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तिथेच करा.