मुंडके वगळून उरलेले

गेल्या रविवारी नांदेडला आम्ही घरी ‘सिसिग’ केले. हा फिलिपिन्सचा पदार्थ. कोंबडीचे मांस व कलेजी खरपूस भाजून बारीक चिरायची, कांदा, हिरवी मिरची, सोया सॉस व थोडे व्हिनेगर घालायचे, कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर ओतायचे आणि वर लिंबू पिळायचे. चर्रर्र आवाज होतो, पाहुणे खूश होतात. लातूरहून आलेल्या प्राध्यापक मित्रांनी ‘पदार्थामागील संस्कृती’ या विषयावर अर्धा तास चर्चा केली. मग एकाने सहज विचारले, “अशी वजडी कधी कुणाच्या घरी खाल्लीत?” कुणीच उत्तर दिले नाही.

सिसिगचे मूळ कोंबडीत नाही. १७३२ सालच्या कोशात हा शब्द आंबट कोशिंबिरीसाठी आला आहे. पुढे पाम्पांगा प्रांतात क्लार्क येथील अमेरिकी हवाई तळाला नको असलेली डुकराची मुंडकी स्वस्तात मिळत. ती उकडून, भाजून, चिरून तापल्या तव्यावर वाढण्याची रीत १९७०च्या दशकात आंजेलेस शहरातील लुसिया कुनानन या खानावळवालीने रुळवली, असे मानले जाते. २०१७ साली त्या शहराने या पदार्थाला वारशाचा दर्जा दिला. आमच्या सभ्य आवृत्तीत मात्र मुंडके गेले, आवाज तेवढा राहिला.

आमचा आक्षेप स्वयंपाकघराला नाही, वर्गाला आहे. दलित आत्मकथने आम्ही याच रीतीने शिकवतो. ‘बलुतं’ (१९७८) शिकवताना अन्नाचा उल्लेख आला की आम्ही फळ्यावर ‘भूक’ व ‘अपमान’ हे दोन शब्द लिहितो आणि पुढे सरकतो. भूक खरी होती, अपमानही खरा होता. पण त्याच चुलीवर हात होता, चव होती, मांस वाळवून टिकवण्याची विद्या होती. ती प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या चुलीवरचे येसूर, चान्या आणि अशा कितीतरी गोष्टी त्यात कृतीसह आहेत. ब्रह्माला ‘अपूर्ण’ म्हणणारे ते शीर्षक हीच एक समीक्षा आहे. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, आणि चान्यांपुरते तरी ते पुस्तक स्मृतीचे दप्तर बनले. २०२४ साली इंग्रजी अनुवाद निघाल्यावर आमच्यापैकी काहींना ते ‘महत्त्वाचे’ वाटू लागले. मराठीचे अध्यापक म्हणून याची आम्हाला लाज वाटते.

“पाककृती म्हणजे साहित्य नव्हे,” असे कुणी म्हणेल. मान्य. पण मग ‘रुचिरा’ला मध्यमवर्गीय मराठी घराचा सांस्कृतिक दस्तऐवज म्हणताना हा नियम कुठे जातो?

आमच्या वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी असते. आई मुंडी कशी भाजते, वजडी किती पाण्यांनी धुते, हे तिला ठाऊक असते. आम्ही ‘भूक’ एवढेच लिहितो तेव्हा ती मान खाली घालते. तिच्या घरचे ज्ञान आम्ही दुःखाच्या खात्यात जमा केलेले असते.

परदेशी तव्यापुढे आदराने बसता येते, तर या चुलीपुढेही बसता आले पाहिजे. पुढच्या सत्रात फळ्यावर तिसरा शब्द लिहू या: ‘विद्या’.