भीतीचा पाठ मुले कोणाकडून घेतात?



परीक्षेचे दिवस आले की शाळेच्या फाटकापाशी मुलांपेक्षा पालकच जास्त घाबरलेले दिसतात. “सगळं आठवतंय ना? पेन घेतलंस ना?” असे चार-चारदा विचारून झाले की शेवटी म्हणतात, “घाबरू नकोस हं!” आम्हाला वाटते, मूल ते शेवटचे वाक्य ऐकतच नाही. ते आई-वडिलांचा चेहरा वाचत असते.

याला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी माकडांवर केलेला प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. पण जंगलातून आलेली माकडे साप बघून कशी घाबरतात हे पाहिल्यावर त्यांतली बहुतेक स्वतःही भिऊ लागली. साप एकालाही चावला नव्हता, तरी तीन महिन्यांनंतरही ती भीती टिकून होती.

माणसाचेही असेच आहे. २००७ मध्ये ओल्सन, फेल्प्स आदी संशोधकांनी काही लोकांना एक चित्रफीत दाखवली. तीत ठरावीक खूण दिसली की समोरच्या माणसाला विजेचा झटका बसे. पुढे तीच खूण स्वतःसमोर आली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग जागा झाला. चित्रफीत पाहतानाही तोच जागा झाला होता. त्यांना स्वतःला झटका मुळीच बसला नव्हता.

ही देणगी उपयोगाचीच आहे. विजेची उघडी तार धोक्याची, हे कळायला प्रत्येक मुलाला झटका बसावा लागत नाही. प्रश्न इतकाच, की आपण भीती कशाची शिकवतो? “मला तर गणित कधी जमलंच नाही,” असे आई मुलीसमोर म्हणते, किंवा निकालाच्या आदल्या रात्री बाबा येरझारा घालतात, तेव्हा गणित आणि परीक्षा याच उघड्या तारा होऊन बसतात. आपल्या इंदूरकडे हिंदीत याला ‘हौआ’ म्हणतात, मराठीत ‘बाऊ’. दोन्ही घरातच तयार होतात.

यावर उपायही त्याच माकडांनी दाखवला. मिनेका आणि कुक यांच्या १९८६ च्या प्रयोगात काही माकडांनी आधी सापाजवळ निर्धास्त असलेली माकडे पाहिली. पुढे घाबरलेली माकडे पाहूनही त्यांतल्या बहुतेकांना भीती लागली नाही. जणू आधीच लस टोचलेली!

ही लस घरी आणि वर्गात आपल्यालाच द्यायची आहे, आणि तीही परीक्षेच्या दिवशी नव्हे, खूप आधी. पाचवी-सहावीपासून मुलाजवळ बसा. उदाहरण अडले तर कपाळाला आठ्या न घालता “चल, पुन्हा करून बघू” म्हणा. तुमचे उत्तर चुकले, तर तेही त्याच्यासमोर शांतपणे खोडून नव्याने मांडा. फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या आमच्या शिक्षकांनाही आमचे हेच सांगणे आहे. धीर उपदेशाने येत नाही, मुलांना तो मोठ्यांच्या वागण्यात दिसावा लागतो.