आजीची मांडी आणि गाडीतली सीट

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एक आजी रक्तदाब तपासायला दवाखान्यात आल्या. सोबत सून आणि आठ महिन्यांचा नातू. पहाटे चार वाजता मरोळहून निघून चिपळूण गाठायचा बेत होता. बाळाला गाडीत कसं नेणार, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, “कसं म्हणजे? माझ्या मांडीवर. मी घट्ट धरून बसते, अजिबात सोडत नाही.” सूनबाईंनी हळूच सांगितलं, “डॉक्टर, मी सीट घेऊ म्हणत होते. पण घरात सगळे म्हणाले, कशाला एवढ्याशा बाळाला बांधून ठेवायचं?”

हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे. आणि दुसऱ्यांना शिकवण्याआधी कबूल करतो, की माझ्या मुलीला आम्ही प्रसूतिगृहातून घरी आणलं तेही काळ्यापिवळ्या टॅक्सीत, तिच्या आजीच्या मांडीवर. मी तेव्हा एमडी झालेला होतो. तरी हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. म्हणून आजचा लेख कुणाला दोष देण्यासाठी नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात गाडी आहे आणि लहान मूल आहे, तिथे मुलाची सीट ही चैनीची वस्तू नाही. लसीकरणाच्या कार्डाइतकीच ती गरजेची आहे.

“घट्ट धरलंय” म्हणजे किती घट्ट?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक कशावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. गाडी अर्ध्या मीटरच्या आसपास चेपून थांबते, पण आतलं मूल त्याच वेगाने पुढे जात राहतं. त्या क्षणी आठ किलोच्या बाळाला धरून ठेवायला दीडशे किलोच्या घरात ताकद लागते. पहिलवानालाही ते जमणार नाही, कारण हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत घडतं. बाळ हातातून सुटतं. मोठ्या माणसाने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर त्याचं सगळं वजन बाळावर येतं. एकाच बेल्टमध्ये स्वतःला आणि बाळाला अडकवून घेणं तर आणखी वाईट, कारण मधल्या मध्ये बाळ चिरडलं जातं.

मागच्या सीटवर बसलं की काही होत नाही, हा समजही सोडायला हवा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांनाही बेल्ट बंधनकारक असल्याचं पोलिसांनी बजावलं. त्या वेळी बरीच चर्चा झाली. पण मागे बसणाऱ्या लहान मुलांचं काय, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कुणी विचारला नाही.

वाशीची घटना

डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत सहा वर्षांचा एक मुलगा वडिलांशेजारी पुढच्या सीटवर बसला होता. रात्रीची वेळ, घराजवळचाच फेरफटका. पुढची मोठी गाडी दुभाजकावर आदळली आणि तिचा मागचा भाग उडून यांच्या गाडीच्या बॉनेटवर आला. एअरबॅग उघडली. बातम्यांनुसार मुलाला बाहेरून फारशा जखमा नव्हत्या. शरीराच्या आत झालेल्या दुखापतींनी तो गेला. गाडीतल्या इतरांना किरकोळ मार लागला.

या वडिलांच्या जागी आपल्यातला कुणीही असू शकला असता. “पप्पा, मी पुढे बसू?” याला किती वेळा हो म्हटलंय, ते आठवून पाहा. पण एअरबॅग ही बेल्ट लावलेल्या मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली असते. उघडताना ती प्रचंड वेगाने पुढे येते. लहान मुलाच्या बाबतीत तिथे डोकं आणि मान असते. म्हणून पहिला नियम असा, की १३ वर्षांपर्यंत मुलांची जागा मागच्या सीटवर. आणि पाठमोरी बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवायची नाही, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही.

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते साधारण एक अष्टमांश. म्हणजे नाजूक मानेवर जड डोकं. मणक्याची हाडंही अजून पूर्ण पक्की झालेली नसतात. गाडी आदळली की हे डोकं जोरात पुढे फेकलं जातं. बाळ पाठमोरं बसलेलं असेल, तर डोकं, मान आणि पाठ यांना सीटचा एकसंध आधार मिळतो आणि धक्का सगळीकडे वाटला जातो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाची अडचण वेगळी असते. कमरेचा पट्टा ज्या हाडांवर टेकायला हवा, ती हाडं अजून पुरेशी वाढलेली नसतात. मग पट्टा घसरून पोटावर येतो आणि अपघातात आतडी आणि मणका यांना इजा करतो. वरचा पट्टा मानेला घासतो, म्हणून मूल तो काखेखाली किंवा पाठीमागे सरकवतं. बेल्ट लावल्यासारखा दिसतो, पण संरक्षण मिळत नाही.

वाढत्या मुलासाठी कोणती सीट?

वयापेक्षा वजन आणि उंची पाहा. त्याच वयाची दोन मुलं शेजारी उभी केली, तर एकाला जी सीट बसते ती दुसऱ्याला बसेलच असं नाही.

* पहिला टप्पा, पाठमोरी सीट: जन्मापासून. जुन्या मानकाच्या लहान सीटा १३ किलोपर्यंत चालतात. नव्या युरोपीय मानकानुसार किमान १५ महिने तरी बाळ पाठमोरंच बसवायचं असतं. सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, शक्य तर दोन वर्षांनंतरही, पाठमोरं ठेवा. पाय मुडपून बसतं म्हणून घाईने वळवू नका. मुडपलेल्या पायांनी बाळाला त्रास होत नाही.
* दुसरा टप्पा, पुढे तोंड असलेली सीट: दोन खांद्यांवर, दोन कमरेवर आणि एक पायांमधून, असे पाच पट्टे असतात. साधारण १८ किलोपर्यंत, म्हणजे बऱ्याच मुलांसाठी चार-पाच वर्षांपर्यंत.
* तिसरा टप्पा, बूस्टर: मुलाला उंच करणारी बैठक. तिच्यामुळे गाडीचा बेल्ट योग्य जागी येतो. पाठ असलेला बूस्टर जास्त चांगला. सुमारे १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत तो लागतो. आपल्याकडची बरीच मुलं ११-१२ व्या वर्षी तिथे पोचतात. बहुतेक पालक हाच टप्पा गाळतात.
* चौथा टप्पा, नुसता बेल्ट: पाठ सीटला पूर्ण टेकते, गुडघे सीटच्या कडेवर दुमडतात, खालचा पट्टा पोटावर नाही तर मांड्यांच्या वर हाडांवर बसतो, वरचा पट्टा खांद्याच्या मधून जातो आणि मूल संपूर्ण प्रवासात तसंच बसू शकतं. या पाचही गोष्टी जमल्या की बूस्टर काढा.

दुकानात काय पाहायचं?

किंमत आणि गादीचा मऊपणा नंतर पाहा. आधी सीटवरचा मानकाचा शिक्का शोधा. युरोपीय मानक आर-४४/०४ किंवा नवं आर-१२९, सोबत वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर. भारतीय मानक एआयएस-०७२. असा शिक्का नसेल तर ती घरात बसवायची खुर्ची समजा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कापडी पट्ट्यांच्या गाद्या आणि नुसत्या कॅरी कॉट यांच्या भरवशावर मूल गाडीत नेऊ नका.

तुमच्या गाडीत आयसोफिक्सचे हूक आहेत का, ते मागच्या सीटच्या खाचेत बोटं घालून पाहा. असतील तर सीट बसवताना चुका कमी होतात. नसतील तर बेल्टने नीट आवळलेली सीटही चांगलं संरक्षण देते. शक्य तर गाडी दुकानापर्यंत न्या आणि सीट बसवून मगच घ्या. कुणाची वापरलेली सीट घेणार असाल, तर ती अपघातातून गेलेली नाही, मुदत संपलेली नाही आणि पुस्तिकेसह सगळे भाग आहेत, याची खात्री असेल तरच घ्या.

बसवताना होणाऱ्या चुका

बसवलेली सीट बेल्टजवळ धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलत असेल तर पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येत असेल, तर तो सैल आहे. पाठमोऱ्या सीटमध्ये हे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये पातळीवर किंवा वरून.

आपल्याकडची खास चूक म्हणजे दुपटं. बाळाला घट्ट गुंडाळून सीटमध्ये ठेवलं, तर पायांमधला पट्टा लागतच नाही. आधी बाळ, मग पट्टे, मग वरून दुपटं.

सीट फक्त प्रवासापुरती आहे. घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ त्यातच ठेवू नका. लहान बाळाची मान पुढे झुकून श्वास अडखळू शकतो. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा. मुदतीआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल, तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

“पण डॉक्टर, मुंबईत...”

*“मुंबईत गाडी पळते कुठे?”* संध्याकाळी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर नाहीच पळत. पण रात्री अकराला जेव्हीएलआरवर किंवा पहाटे पनवेलच्या पुढे पळते. आणि वाशीची घटना घराजवळचीच होती.

*“आम्ही नाही का वाढलो?”* वाढलो. पण जे वाढले नाहीत, ते हे सांगायला आज नाहीत. गोवर होऊन बरे झालेलेही आपण पुष्कळ जण आहोत, तरी मुलांना लस देतोच. योग्य सीट वापरल्याने बालकांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

*“महाग आहे.”* आहे. पण बारशाला बाळाला सोन्याची साखळी, चांदीची वाटी, डझनभर झबली येतात. आजी-आजोबा, मामा, आत्या यांनी मिळून एक सीट द्यावी, असं मी उघडपणे सुचवतो.

*“आमची गाडीच नाही.”* दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांची नसते. टॅक्सीत मोठ्या मुलाला मागे बसवून बेल्ट लावा. अनेक टॅक्सींत बेल्टचं कुलूप सीट कव्हरखाली दडपलेलं असतं. चालकाला ते काढायला सांगा, यात संकोच कसला? लांब पल्ल्याला बाळाची सीट बरोबर नेता येते. रिक्षात बेल्ट नसतो, म्हणून मूल मधोमध बसवा, कडेला नाही, उभं तर नाहीच. स्कूटरवर चार वर्षांखालच्या मुलासाठी मोठ्या माणसाला जोडणारा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला आणि २०२३ पासून तो लागू आहे. तो पाळा.

कायदा आहे, पण अपुरा

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे. माझी तक्रार त्या ‘किंवा’ शब्दाबद्दल आहे. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला तरी या कलमाचं समाधान होतं, पण मुलाचं शरीर सुरक्षित होत नाही. कोणत्या उंचीपर्यंत कोणती सीट, हे कायद्याने स्पष्ट सांगायला हवं. आणि प्रसूतिगृहातून सुट्टी देताना लसीकरणाच्या तारखांसोबत “बाळाला घरी कसं नेणार?” हा प्रश्नही आपण डॉक्टरांनी विचारायला हवा. तो आम्ही विचारत नाही, ही आमची चूक आहे.

आजींचं पुढे काय झालं, ते सांगतो. गणपतीनंतर त्या पुन्हा आल्या. सीट घेतली होती. “पनवेलपर्यंत रडला हो, माझा जीव कासावीस झाला. मग झोपला तो थेट महाडला उठला.” मी विचारलं, “आणि आजी, तुमचा बेल्ट?” त्या हसल्या. कोलाडच्या पुढे काढून टाकला होता. मी त्यांना समजावलं, की अपघातात बेल्ट नसलेला मोठा माणूस शेजारच्या मुलावरच जाऊन आदळतो. नातवासाठी म्हणून तरी लावा. येताना लावला की नाही, ते सूनबाईंना विचारायचं राहून गेलं. पुढच्या भेटीत विचारणार आहे.