विश्लेषण : कॅथलिक धर्मगुरूंनी अविवाहितच का राहायचं? हजार वर्षं जुना नियम आता बदलेल का?

रविवारी गावातलं चर्च उघडतं. लोक जमतात, बायबलचं वाचन होतं, भक्तिगीतं गायली जातात. मिस्सा मात्र होत नाही. कारण मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूला असतो आणि धर्मगुरूची पुढची फेरी कधी काही महिन्यांनी होते, तर कधी वर्ष उलटून जातं. ॲमेझॉनच्या जंगलातल्या अनेक कॅथलिक वस्त्यांची ही परिस्थिती आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच प्रश्नावर व्हॅटिकनमध्ये बिशपांची परिषद, म्हणजे सिनड, भरली. दुर्गम भागातल्या विश्वासू, विवाहित पुरुषांना धर्मगुरू होऊ द्यावं, असा प्रस्ताव तिथे आला आणि १२८ विरुद्ध ४१ मतांनी संमतही झाला. साडेतीन महिन्यांनी पोप फ्रान्सिस यांचं अधिकृत उत्तर आलं. त्यात या प्रस्तावाचा उल्लेखही नव्हता.

एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आलेले पोप लिओ चौदावे यांनी पेरूमध्ये अनेक वर्षं मिशनरी आणि नंतर बिशप म्हणून काम केलं आहे. दक्षिण अमेरिकेतलं चर्च त्यांनी जवळून पाहिलं आहे. पण हा प्रश्न त्यांच्यासमोरही तसाच उभा आहे. हा नियम आला कुठून, त्यावर एवढा वाद का आणि तो बदलणं शक्य आहे का, हे समजून घेऊ.

नियम नेमका काय आहे?

कॅथलिक चर्चचा सर्वांत मोठा भाग म्हणजे लॅटिन चर्च. मुंबई, वसई, गोवा इथले बहुतेक कॅथलिक याच परंपरेतले. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातलं २७७ वं कलम सांगतं, की लॅटिन चर्चच्या धर्मगुरूंनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं पाहिजे.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. जेझुइट किंवा फ्रान्सिस्कन यांसारख्या संघांतले व्रतस्थ दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. ती त्यांच्या संघजीवनाचाच भाग आहेत. उद्या नियम बदलला तरी त्यांचं ब्रह्मचर्य सुटणार नाही. वाद आहे तो धर्मप्रांतात काम करणाऱ्या, बिशपच्या हाताखालच्या धर्मगुरूंचा.

दुसरी गल्लत जास्त महत्त्वाची आहे. ‘धर्मगुरूला लग्न करता यावं का’ आणि ‘विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता यावं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू सर्रास दिसतात. पण त्यांचं लग्न गुरुदीक्षेच्या आधी झालेलं असतं. दीक्षेनंतर लग्न तिथेही चालत नाही आणि बिशप अविवाहितांमधूनच निवडले जातात. कॅथलिक चर्चमध्येही आज गंभीर चर्चा आहे ती दुसऱ्या प्रश्नाची.

येशूचे शिष्य विवाहित होते का?

काही जण नक्कीच होते. येशूने पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरं केल्याची कथा बायबलमध्ये आहे. ज्या पेत्राला कॅथलिक परंपरा पहिला पोप मानते, तोच विवाहित होता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर बिशप एकाच पत्नीचा पती असावा, अशी अपेक्षा आहे.

त्याच बायबलमध्ये दुसरी बाजूही आहे. स्वर्गाच्या राज्यासाठी विवाह न करणाऱ्यांबद्दल येशू बोलतो. पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, की अविवाहित माणसाला देवाच्या कामाची चिंता असते, तर विवाहिताचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. मात्र ही आपल्याला प्रभूकडून मिळालेली आज्ञा नसून आपलं मत आहे, हेही पौल तिथेच सांगतो.

म्हणजे ब्रह्मचर्याला बायबलचा आधार आहे, पण प्रत्येक धर्मगुरूवर सक्ती करावी असा आदेश नाही. कॅथलिक चर्चही तसा दावा करत नाही. पुरोहितपदाच्या मूळ स्वरूपासाठी ब्रह्मचर्य अनिवार्य नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं. त्याच परिच्छेदात ते धर्मगुरूसाठी अनेक दृष्टींनी उचित आहे, असंही म्हटलं. सगळा वाद या दोन विधानांच्या मधल्या जागेत आहे.

मग सक्ती कधी आली?

ती एका दिवसात आली नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्व्हिरा इथल्या परिषदेनं धर्मगुरूंना पत्नीशी शरीरसंबंध ठेवायला मनाई केली. इसवी सन ३८५ मध्ये पोप सिरिसियस यांनी तसंच बजावलं. लक्षात घ्या, पत्नी असायला तेव्हा हरकत नव्हती. हरकत होती ती तिच्याशी पती म्हणून राहण्याला. रोज वेदीवर उभं राहणाऱ्यानं ‘शुद्ध’ असावं, ही त्यामागची धारणा होती.

व्यवहारात हे फारसं पाळलं गेलं नाही. सहाव्या शतकातले पोप सिल्व्हेरियस हे तर आधीचे पोप होर्मिस्डास यांचे पुत्र होते.

सातव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आणि पश्चिमेच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ६९१-९२ साली भरलेल्या ट्रुलो परिषदेनं विवाहित पुरुषांना धर्मगुरू होण्याची आणि संसार चालू ठेवण्याची मुभा दिली. पश्चिमेत उलट दिशेनं पावलं पडली. अकराव्या शतकात पोप ग्रेगरी सातवे यांनी विवाहित धर्मगुरूंविरुद्ध मोहीमच उघडली. जर्मनी आणि फ्रान्समधल्या धर्मगुरूंनी तिला उघड विरोध केला. अखेर ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं धर्मगुरूंचे असे विवाह हे विवाहच नव्हेत, असं ठरवलं.

यामागे फक्त अध्यात्म होतं का?

नाही. जमिनीचाही प्रश्न होता. मध्ययुगातल्या युरोपात चर्चकडे प्रचंड मालमत्ता होती. धर्मगुरूला मुलगा असेल, तर चर्चची जमीन आणि कधी कधी ते पदही वारशानं त्याच्याकडे जाण्याची भीती होती. १०२२ मध्ये पाव्हियाच्या परिषदेत पोप बेनेडिक्ट आठवे यांनी धर्मगुरूंच्या मुलांना चर्चचे भूदास ठरवलं, ते याच काळजीतून. पण फक्त मालमत्तेसाठी नियम आला, असं म्हणणंही अपुरं ठरेल. शुद्धतेची कल्पना त्याआधीच्या कितीतरी शतकांपासून होती आणि सरंजामदारांच्या तावडीतून चर्च सोडवण्याची सुधारकांची तळमळही खरी होती.

या सुधारणेची किंमत बायकांनी मोजली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. १०८९ च्या मेल्फी परिषदेत पोप अर्बन दुसरे यांच्या उपस्थितीत एक नियम झाला. पत्नीला सोडायला तयार नसलेल्या सबडीकनच्या, म्हणजे कनिष्ठ पदावरच्या सेवकाच्या पत्नीला गुलाम करण्याची मुभा त्यानं राजेरजवाड्यांना दिली. कालपर्यंत गावाच्या नजरेत विवाहित असलेल्या या स्त्रिया कायद्याच्या एका फटक्यात ‘रखेल’ झाल्या.

प्रोटेस्टंट वेगळे कसे झाले?

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी या सक्तीला आव्हान दिलं. १५२५ मध्ये त्यांनी मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा यांच्याशी लग्न केलं आणि पाळकाचं घर ही प्रोटेस्टंट समाजातली एक संस्थाच बनली. इंग्लंडमध्ये १५४९ साली धर्मगुरूंच्या विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली. उत्तरादाखल कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं १५६३ मध्ये जुना नियम कायम ठेवला. त्याच परिषदेनं धर्मप्रांतांना सेमिनरी काढायला सांगितलं. लहान वयापासून ब्रह्मचर्याची शिस्त लावणारी यंत्रणा त्यातून उभी राहिली.

हा फरक मराठी वाचकाला परका नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रोटेस्टंट होते. त्यांचा आणि लक्ष्मीबाईंचा संसार ‘स्मृतिचित्रे’मुळे घरोघरी पोहोचला. दुसरीकडे, उस्मानाबादला २०२० मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे कॅथलिक धर्मगुरू, म्हणून अविवाहित.

कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू अजिबात नाहीत?

आहेत. पोपचं नेतृत्व मानणारी २३ पौर्वात्य चर्च कॅथलिक चर्चमध्ये आहेत. त्यांपैकी अनेकांत विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतात. युक्रेनचं ग्रीक-कॅथलिक चर्च हे त्याचं ठळक उदाहरण. केरळमधलं सिरो-मलबार चर्चही पौर्वात्यच, पण तिथे धर्मगुरू अविवाहित असतात. त्याच केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा चर्चचे धर्मगुरू संसारी असतात.

दुसरा अपवाद अँग्लिकन चर्चमधून आलेल्यांचा. १९८० पासून अमेरिकेत आणि २००९ नंतर अधिक व्यापक व्यवस्थेनुसार, कॅथलिक झालेल्या विवाहित अँग्लिकन धर्मगुरूंना पत्नी-मुलांसह पुरोहितपद मिळू लागलं. म्हणजे दुसऱ्या चर्चमधून आलेला विवाहित धर्मगुरू चालतो, पण जन्मानं कॅथलिक असलेल्या विवाहिताला दार बंद. टीकाकार नेमकं यावरच बोट ठेवतात.

ही विसंगती चर्चला पूर्वी महाग पडली आहे. १८८९ मध्ये फादर अलेक्सिस टोथ हे पौर्वात्य कॅथलिक धर्मगुरू अमेरिकेत मिनिआपोलिसला आले. ते विधुर होते. तिथले आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी त्यांना स्वीकारायला नकार दिला. टोथ ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि त्यांच्यामागून हजारो स्थलांतरित कुटुंबं गेली. तरीही १९२९ मध्ये व्हॅटिकननं अमेरिकेतल्या पौर्वात्य चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू नकोत असा आदेश काढला. तो उठायला २०१४ साल उजाडलं.

आज वाद का तापला आहे?

पहिलं कारण संख्येचं. १९७० मध्ये जगात सुमारे ६५ कोटी कॅथलिक होते आणि धर्मगुरू सुमारे ४ लाख २० हजार. २०२३ च्या अखेरीस कॅथलिकांची संख्या १४० कोटींवर गेली, तर धर्मगुरू सुमारे ४ लाख ७ हजार उरले. म्हणजे एका धर्मगुरूमागे तेव्हा साधारण दीड हजार लोक होते, आता साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. आफ्रिका आणि आशियात धर्मगुरू वाढत आहेत, युरोपात झपाट्यानं घटत आहेत.

दुसरं कारण लैंगिक अत्याचारांचं. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगानं २०१७ च्या अहवालात म्हटलं, की ब्रह्मचर्य हे बालकांवरच्या अत्याचारांचं थेट कारण नाही. मात्र इतर घटकांची जोड मिळाली तर सक्तीच्या ब्रह्मचर्यामुळे धोका वाढतो. धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंसाठी ते ऐच्छिक करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारसही आयोगानं केली. नियमाचे समर्थक यावर सांगतात, की बालकांवरचे अनेक अत्याचार घराच्या चार भिंतींत, विवाहित पुरुषांकडूनही होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तिसरं कारण गुपितांचं. धर्मगुरूपासून मूल झालं तर काय करायचं, याची अंतर्गत मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे आहेत, हे व्हॅटिकननं फेब्रुवारी २०१९ मध्ये मान्य केलं. एका आयरिश धर्मगुरूचे पुत्र असलेल्या व्हिन्सेंट डॉयल यांनी अशा मुलांसाठी ‘कोपिंग इंटरनॅशनल’ ही संस्था काढली आहे. नियम मोडतो तो बाप, पण ओळख लपवून वाढतं ते मूल, हा मुद्दा त्यांच्यामुळे ऐरणीवर आला. माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स सिक्लुना यांनीही जानेवारी २०२४ मध्ये नियमाचा गांभीर्यानं फेरविचार व्हावा असं जाहीरपणे सांगितलं. अत्याचारांच्या प्रकरणांची चौकशी करणारे व्हॅटिकनचे ज्येष्ठ अधिकारी म्हणून त्यांच्या मताला वजन आहे.

नियम हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांच्या मते ब्रह्मचर्य हा ‘लग्नावरची बंदी’ नसून पूर्ण समर्पण आहे. ख्रिस्त स्वतः अविवाहित होता आणि धर्मगुरू त्याचा प्रतिनिधी. बायको-मुलांची जबाबदारी नसल्यानं तो साथीत, युद्धात, दुर्गम भागात निर्धास्त जाऊ शकतो. पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये एका परिपत्रकातून याच भूमिकेनं नियम कायम ठेवला. व्यावहारिक शंकाही आहेत : धर्मगुरूच्या कुटुंबाचा खर्च कोण उचलणार? आणि विवाहित पाळक असलेल्या अनेक प्रोटेस्टंट चर्चनाही माणसं कमी पडत आहेत, तर लग्नानं टंचाई कशी संपेल?

ॲमेझॉनचा प्रस्ताव का अडला? पुढे काय?

फ्रान्सिस यांची भूमिका दुहेरी होती. ऐच्छिक ब्रह्मचर्याला आपण अनुकूल नाही, पण अतिदुर्गम भागांबाबत विचार होऊ शकतो, असं ते जानेवारी २०१९ मध्ये म्हणाले होते. जानेवारी २०२० मध्ये कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं ब्रह्मचर्याचं समर्थन करणारं पुस्तक आलं. त्यात निवृत्त पोप बेनेडिक्ट सोळावे यांचाही लेख होता आणि मुखपृष्ठावरच्या त्यांच्या नावावरून वादळ उठलं. एका प्रदेशाचा प्रश्न चर्चमधल्या दोन गटांच्या लढाईचं मैदान बनला. सिनडमध्ये चर्चा भरपूर झाली, पण ती संसदेसारखी बाजू घेऊन झाली, अशा आशयाची टिपणी फ्रान्सिस यांनी नंतर केली. पुढे मार्च २०२३ मध्ये मात्र त्यांनीच ब्रह्मचर्याला पाश्चात्त्य चर्चची तात्पुरती शिस्त म्हटलं. त्याच महिन्यात जर्मनीतल्या चर्चच्या सभेनं पोपना नियमाच्या फेरविचाराची विनंती केली.

कायद्याच्या दृष्टीनं अडथळा मोठा नाही. हा धर्मसिद्धांत नसून शिस्तीचा नियम आहे. पोप तो बदलू शकतात, किंवा एखाद्या प्रदेशापुरता शिथिल करू शकतात. अडचण आहे ती एकीची. एका खंडाला दिलेली सवलत दुसरा खंड मागणारच आणि मग अपवाद कुठे थांबवायचा, ही भीती आहे. पोप लिओ यांनी जून २०२५ मध्ये बिशपांशी बोलताना ब्रह्मचर्याचं महत्त्व अधोरेखित केलं, त्यामुळे लगेच मोठा बदल होईल असं दिसत नाही.

पण थांबण्यालाही किंमत आहे. मिस्सा हा श्रद्धेचा उगम आणि शिखर आहे, ही कॅथलिक चर्चचीच शिकवण. ती शिकवण मनापासून मानणारी ॲमेझॉनमधली गावं मिस्सेविना राहतात. आधी काय जपायचं, लोकांपर्यंत मिस्सा पोहोचणं की ती अर्पण करणाऱ्याचं ब्रह्मचर्य, याचं उत्तर ही गावं २०१९ पासून रोमकडे मागत आहेत.