गळणाऱ्या नळीला बूच मारू नका

मागच्या हिवाळ्यात सोयगावला ताईकडे गेलो होतो. जयभीम झाला, चहा झाला आणि ताईने गीझरची कहाणी सांगायला घेतली. भाचा कमावता झाला तसा त्याने हौसेने १५ लिटरचा गीझर घेतला. गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हची बारीक नळी भिंतीतून बाहेर बोळात काढलेली. पाणी तापले की थेंब थेंब गळायचे. शेजारणीच्या भिंतीला ओल धरली आणि रोजची बोलाचाली सुरू झाली. शेवटी एका कारागिराने नळीच्या तोंडात लाकडी बूच ठोकून दिले. "आता गळत नाही बघ दादा," ताई म्हणाली.

माझ्या पोटात गोळाच आला. आधी मेन स्विच बंद करायला लावला आणि पाणी निवेपर्यंत कुणाला न्हाणीत जाऊ दिले नाही.

भगिनींनो, ते थेंब म्हणजे बिघाड नव्हे. पाणी तापले की फुगते. २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेले की सुमारे पाव लिटरने वाढते. परत टाकीकडे जायची वाट व्हॉल्व्हने अडवलेली असते, म्हणून वाढलेले पाणी त्या नळीतून बाहेर पडते. हे झाले रोजचे. पण एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला, जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआऊटही चालला नाही, तर दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापत राहते. अशा वेळी टाकी फाटली की त्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. कुकरची शिट्टी दाबून धरायला आपण कुणाला सांगू का?

आपल्या आजीचा तांब्याचा बंब असा फुटत नसे, कारण त्याचे झाकण सैल. वाफ आपली निघून जाई. गीझर मात्र चहूबाजूंनी बंद.

गिरणीत, साखर कारखान्यात राबलेल्यांना बॉयलरचा निरीक्षक माहीत आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठी कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. घरच्या गीझरकडे बघायला कुणी साहेब येत नाही. ते आपणच बघायचे.

ताईचे भांडण खोटे नव्हते. ओल धरतच होती. पण त्यावर उपाय नळी वळवण्याचा होता. दुसऱ्या दिवशी जाणता माणूस बोलावला. त्याने बूच काढले, व्हॉल्व्हही बदलला, आणि नवी नळी न्हाणीतल्याच मोरीवर आणली. तांब्याची किंवा जी.आय.ची नळी घ्यावी, बागेची प्लास्टिकची नळी गरम पाण्याने मऊ पडून मुडपते. व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा ती बारीक नको. सगळीकडे उतार खालीच हवा, कुठे वर चढली तर पाणी साचून क्षार धरतो. मध्ये तोटी तर कधीच बसवू नये, कुणी तरी ती फिरवतेच. शेवटचे तोंड उघडे, मोरीच्या वर चार बोटे, दिसेल असे ठेवावे. आंघोळीला बसणाऱ्या पोराच्या अंगाकडे ते नसावे.

पाणी गार असतानाही नळी सारखी गळत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल किंवा नळाचा दाब जास्त असेल. तेव्हा कारागीर बोलवा. बोअरच्या क्षारट पाण्याने व्हॉल्व्ह आतून चिकटतोही. ज्याला दांडी असते ती दोन-तीन महिन्यांनी, वीज बंद करून आणि पाणी निवल्यावर, एकदा उचलून पाहावी. पाणी आले नाही तर व्हॉल्व्ह बदलेपर्यंत गीझर लावू नये.

ताईने आता नळीखाली जुना डबा ठेवलाय. त्यातले पाणी कढीपत्त्याला जाते, आणि त्याची पाने शेजारीण घेऊन जाते.