भावाच्या बातमीआड राहिलेले संशोधन

लासलगावचे नाव मुंबई-पुण्याच्या वाचकाला ठाऊक असते ते कांद्याच्या भावामुळे. भाव चढला की तेथील लिलावाची छायाचित्रे छापली जातात. कोसळला की रस्त्यावर ओतलेल्या कांद्याची. शेजारच्या निफाडचे नाव झळकते डिसेंबर-जानेवारीत, थंडीच्या निमित्ताने. ज्या कुंदेवाडीतील केंद्राच्या पाऱ्याची बातमी होते, ते मुळात हवामान वेधशाळा नव्हे. ते महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे आणि १९३२ पासून कार्यरत आहे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘नेत्रावती’ हे गव्हाचे वाण तेथून शेतकऱ्यांपर्यंत गेले. त्यांची बातमी क्वचितच झाली.

कांद्याच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक महागात पडणारी आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन्ही मोठ्या बाजारपेठा एकाच निफाड तालुक्यात आहेत. त्यांपैकी पिंपळगाव येथे १९६० च्या सुमारास कांद्याच्या पद्धतशीर वाणसुधारणेचे काम सुरू झाले. देशातील या क्षेत्रातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता. राज्यात तेव्हा कृषी विद्यापीठ नव्हते. राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले आणि पुढे हे काम त्याच्या छत्राखाली आले. ‘एन-२-४-१’ आणि ‘बसवंत ७८०’ हे वाण याच परंपरेतले.

यातील ‘एन-२-४-१’ हे रुक्ष नाव ग्राहकाने कधी ऐकलेले नसते. पण त्याची फळे त्याने खाल्लेली असतात. नाशिक जिल्ह्यात कांदा तीन वेळा निघतो. खरिपातला पोळ आणि त्यामागून येणारा रांगडा हे दोन्ही लाल कांदे लवकर विकावे लागतात, कारण ते टिकत नाहीत. मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा मात्र चाळीत पाच-सहा महिने राहू शकतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शहरातल्या स्वयंपाकघरात चिरला जाणारा कांदा बहुधा हाच. ‘एन-२-४-१’ हा या हंगामाचा वाण. स्थानिक कांद्यातून निवड करत करत तो सिद्ध झाला आणि साठवणुकीत टिकणे हा त्याचा मोठा गुण ठरला.

हा गुण केवळ वनस्पतिशास्त्रीय नाही. नाशवंत माल पिकवणाऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. टिकाऊ माल असलेला शेतकरी थांबू शकतो. विद्यापीठाच्या संशोधनाने कांदा उत्पादकाला दिले ते हे थांबण्याचे सामर्थ्य. आणि नेमके तेच धोरणांनी वारंवार काढून घेतले आहे. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी आली, ती चाळीतला उन्हाळ कांदा बाजारात येण्याच्या दिवसांत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, तेव्हाही तोच कांदा शिल्लक होता. लासलगावसह जिल्ह्यातील लिलाव त्या वेळी बंद पडले. डिसेंबर २०२३ ची बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि एप्रिल २०२५ मध्ये ते रद्द झाले. चार-पाच महिने घट सोसून माल राखणाऱ्याचा हिशेब अशा एका अधिसूचनेने बिघडतो.

घट हा शब्द येथे मोलाचा आहे. चाळीत ठेवलेल्या कांद्याचा मोठा हिस्सा वजन घटणे, सडणे आणि कोंब येणे यांत जातो. यावर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावी ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प उभारला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा अल्प मारा केल्यास कांद्याला कोंब येत नाही, हे शास्त्र पक्के आहे. मात्र विकिरणाने सड थांबत नाही आणि वजनातील घटही टळत नाही. शिवाय काढणीनंतर लवकरच प्रक्रिया करावी लागते. स्वस्त आणि अवजड मालाला ही ने-आण परवडणे कठीण. परिणामी या प्रकल्पाचे नाव गाजले ते आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूसवर लासलगावला विकिरण झाले होते. कांद्याच्या गावात आंब्याचे भाग्य उजळले, असे म्हणायला हरकत नाही! थोडक्यात, यंत्र आले तरी टिकाऊपणाचा मुख्य आधार वाण आणि साधी हवेशीर चाळ हाच राहिला.

मग त्या वाणाची आजची स्थिती काय? कांद्याचे बी मिळवायचे तर निवडलेले कांदे पुन्हा लावून त्यांना फुलोरा येऊ द्यावा लागतो. परागीभवन मधमाश्या करतात आणि आसपास दुसऱ्या वाणाचे फुललेले शेत असेल तर भेसळ अटळ असते. त्यामुळे बीजोत्पादनाचे प्लॉट एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात. लहान धारणक्षेत्राच्या निफाड-येवला पट्ट्यात हे प्रत्येकाला जमत नाही. बरेच शेतकरी घरचेच बी राखतात. काहींची निवड उत्कृष्ट असते. पण पिढ्यान् पिढ्यांच्या सरमिसळीत मूळ वाणाचे गुण विरळ होतात आणि बाजारात सगळ्याला ‘गावरान’ हे एकच नाव उरते. २०१६ मध्ये ‘लासलगाव कांद्या’ला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले. शुद्ध बियाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो किती नाजूक आहे हे २०२० मध्ये दिसले. पावसाने रोपे आणि साठा दोन्हींची हानी झाली, बियाण्याची टंचाई झाली आणि ऑक्टोबरअखेर केंद्राला कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. विद्यापीठाच्या बियाण्यासाठी राहुरीला रांगा लागतात, यातून विश्वास दिसतो तसा तुटवडाही दिसतो. राष्ट्रीय पातळीवर राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय आणि १९७७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय बागवानी प्रतिष्ठानही नवे वाण देत आहेत. स्पर्धा म्हणून हे चांगलेच. तथापि स्थानिक मातीत, मार्चमधील गारपिटीत आणि लांबलेल्या पावसात वर्षानुवर्षे निवड करत राहण्याचे काम तालुक्यातल्या केंद्रालाच करावे लागते. एका वाणाला दहा-बारा वर्षे सहज लागतात. राज्यातील कृषी विद्यापीठांत मोठ्या संख्येने पदे रिक्त आहेत. निवृत्त होणाऱ्या पैदासकाराच्या जागी वेळेत दुसरा आला नाही, तर त्याच्या नोंदवहीतील निवडी अर्ध्यावरच थांबतात.